फ्लॉपीतली पोर्तुगीज नावं युनिकोडमधे आणतेय : कामाच्या नोंदी, वेंगुर्ले

३ जून

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे कोणाकडे असलंच काम आलं तर उपयोगी पडेल. आमच्या दुकानात, म्हणजे झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाईन फॉर्म वगैरे, ओळखीचे एक अंकल आले. त्यांना घराण्याची वंशावळ छापून हवीय, डिसेंबरात सगळे मुंबई-गोवा-परदेशातून जमणार आहेत त्याच्या आधी. नावं दोन हजाराच्या वर. त्यांचे थोरले भाऊ लिस्बनला ऑफिसात होते, सुट्टीत आले की गोव्यातल्या आणि सावंतवाडीकडच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांवरून नावं उतरवून न्यायचे आणि तिकडे कंप्युटरवर टाईप करायचे. ते आता नाहीत. मागे राहिलंय ते असं: फ्लॉपींचा एक डबा, पुतणीने नंतर केलेली एक्सेल फाईल, वह्यांच्या पानांचे फोटो असलेली झिप आणि "नोट्स" नावाची एक फाईल जी कोणालाच उघडता येत नाही.

नावं पोर्तुगीज वळणाची. आपण तोंडाने जुवांव, जुझे, बस्त्यांव, कोंसेसांव, आल्वारिस म्हणतो पण कागदावर ती खुणांसकट लिहितात. ए च्या डोक्यावर लाटेसारखी रेघ, तिला टिल्ड म्हणतात. सी च्या खाली शेपटी, ती सेडिला. शिवाय तिरकी रेघ आणि टोपी. एक्सेलमधे ह्या सगळ्यांच्या जागी कचरा आहे. अंकलनी प्रिंट बघितली आणि पहिला प्रश्न, "गो बाय, माझ्या बापाशीच्या नावात ह्यो पौंड खंयसून इलो?"

ह्या नोंदींमधे मी ती अक्षरं स्वतः टाकणार नाही, त्यांचे नंबर लिहिणार. अक्षरं कॉपी-पेस्ट होत गेली की परत बिघडतात, नंबर बिघडत नाही. नंबर सगळे साधे दशमान आहेत. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक नंबर देणारा एकच मोठा तक्ता.

५ जून

यूएसबी फ्लॉपी ड्राईव्ह मागवला, नऊशेच्या आसपास गेले. साडेतीन इंची फ्लॉपी, १.४४ एमबी वाल्या. कोकणात कपाटात इतकी वर्षं राहिलेल्या, तेव्हा आत बुरशी असणार हे धरूनच चालले होते. धातूची पट्टी सरकवून बघितलं तर दोन-तीन फ्लॉपींवर पांढरट डाग दिसले. तशा फ्लॉपी ड्राईव्हमधे घालूच नका, हेडला घाण लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीपण वाचत नाही. त्या बाजूला ठेवल्या, बाकीच्या वाचल्या. एकीवर अर्ध्यात एरर.

प्रत्येक फाईल जशी आहे तशी कॉपी करून रीड-ओन्ली केली आणि एक प्रत पेनड्राईव्हवर घालून घरी नेऊन ठेवली. मूळ फाईल उघडून सेव्ह करायची नाही. पुतणीच्या फाईलची जी दशा झालीय ती बहुतेक उघड-सेव्ह, उघड-सेव्ह करूनच झालेली असणार.

६ जून

फ्लॉपीवरची फाईल नोटपॅडमधे उघडली. कोंसेसांव नावात शेपटीवाल्या सी च्या जागी दुहेरी खंजिराची खूण, टिल्डवाल्या ए च्या जागी खाली बसलेलं दुहेरी अवतरण. शेवटी एक चौकोन, तो कॅरॅक्टर २६ निघाला, डॉसमधे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिममधे, फाईल संपली की लिहायचे तो. म्हणजे फाईल डॉसची.

हेक्स एडिटर लावला, फाईलमधले बाईट, म्हणजे ० ते २५५ मधले नंबर, जसेच्या तसे दाखवतो तो. एचएक्सडी नावाचा फुकट मिळतो. खंजिराच्या जागी बाईट आहे १३५ आणि अवतरणाच्या जागी १३२. फाईलमधे खरं काय आहे ते फक्त हेच. स्क्रीनवरचं अक्षर हा त्या प्रोग्रामने लावलेला अर्थ. विंडोज-१२५२ ह्या तक्त्यात, म्हणजे कुठला बाईट कुठलं अक्षर ते सांगणाऱ्या यादीत, १३५ ला खंजीर आहे म्हणून नोटपॅडने खंजीर दाखवला, बिचाऱ्याचं काही चुकलेलं नाही.

मग डॉसचे तक्ते लावून बघितले. आधी ४३७, तो पहिल्या आयबीएम पीसीवरचा. शेपटीवाला सी झटकन बरोबर आला! पण जुवांव मधल्या ए वर टिल्डऐवजी दोन टिंबं. नंतर ८५०, पश्चिम युरोपसाठीचा, तिथेपण सी बरोबर आणि ए वर दोन टिंबं. इथे बराच वेळ गेला, कारण सी बरोबर येतोय म्हणजे तक्ता तर हाच असणार, लिस्बनवाल्या काकांनीच टिल्ड मिळत नव्हता म्हणून दोन टिंबं ठोकली असतील अशी मी समजूत करून घेतली. तसं वाटण्याला कारणही होतं, ४३७ मधे टिल्डवाला ए मुळातच नाहीये, स्पॅनिशसाठी टिल्डवाला एन दिलाय पण पोर्तुगीजचं ए आणि ओ वरचं टिल्ड नाही.

उलगडा झाला आल्वारिसवरून. ह्या आडनावाच्या सुरवातीला कॅपिटल ए वर तिरकी रेघ असते. माझ्या स्क्रीनवर तिथे बारका ए आणि त्याच्यावर गोल कडं. आडनाव बारक्या अक्षराने सुरू करून वर कडं कोण घालेल? बाईट १३४. मग शोधलं की १३४ ला तिरकी रेघवाला कॅपिटल ए, १३२ ला टिल्डवाला ए आणि १४८ ला टिल्डवाला ओ, तिन्ही एकत्र असलेला डॉसचा तक्ता कुठला. कोडपेज ८६०, कोडपेज म्हणजे असला तक्ताच. खास पोर्तुगीजसाठीच केलेला. लिस्बनच्या ऑफिसातला डॉस म्हणल्यावर हे आधी सुचायला हवं होतं असं आता वाटतंय. १३५ ला शेपटीवाला सी तिन्ही तक्त्यांत तोच आहे, म्हणून त्याच्यावरून काहीच ठरत नव्हतं.

तेव्हा तक्ता ओळखायला असं अक्षर घ्या जे तक्त्यागणिक बदलतं. सगळीकडे सारखं असलेलं अक्षर बरोबर आलं ह्याला काही अर्थ नाही.

पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून सीपी८६०, म्हणजे कोडपेज ८६०, ने वाचलं आणि यूटीएफ-८ मधे लिहिलं, युनिकोडचे नंबर फाईलमधे बाईट करून ठेवायची ती पद्धत. तपासणी म्हणून नवीन फाईल परत ८६० मधे लिहून मूळ फाईलशी बाईट-टू-बाईट जुळवली. जुळली. फ्लॉपीचा भाग झाला.

१० जून

एक्सेल. हे जास्त किचकट.

पौंड कुठून आला ते कळलं. टिल्डवाल्या ए चा युनिकोड नंबर २२७. यूटीएफ-८ मधे तो दोन बाईट्सने लिहितात, १९५ आणि १६३. आता हे दोन बाईट कोणी १२५२ च्या तक्त्याने वाचले तर १९५ म्हणजे टिल्डवाला कॅपिटल ए आणि १६३ म्हणजे पौंडाची खूण. शेपटीवाला सी असाच फुटून कॅपिटल ए आणि कायद्याच्या पुस्तकात कलमासाठी असते ती खूण असा दिसतो. ई वर तिरकी रेघ असेल तर मागे कॉपीराईटचा गोल सी. जुझे च्या नावामागे कॉपीराईट लागलेलं बघून पुतणी म्हणे, तिला वाटलेलं फोटो काढणाऱ्याने घातलंय.

उपाय ऐकायला सोपा आहे. बिघडलेला मजकूर १२५२ मधे परत बाईट करायचा आणि ते बाईट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. बहुतेक नावं एका झटक्यात सुधारली, अंकलना दाखवली तर खूष. पण बाकी राहिलेली जी होती त्यांनी पार दमवलं.

पहिलं परत आल्वारिस. कॅपिटल ए तिरकी रेघ यूटीएफ-८ मधे १९५ आणि १२९. विंडोज-१२५२ मधे १२९ ही जागा रिकामी आहे. १२९, १४१, १४३, १४४, १५७ अशी पाच भोकं आहेत त्या तक्त्यात. विंडोजने तिथे एक न दिसणारं कंट्रोल कॅरॅक्टर ठेवून वेळ मारून नेली, पायथन मात्र अडून बसलं, एरर देऊन थांबलं. त्या पाच जागा जशाच्या तशा सोडायच्या असं स्क्रिप्टमधे घातल्यावर चाललं. एफटीएफवाय नावाची फुकट लायब्ररी आहे पायथनची, ती हे सगळं आपणहून सांभाळते, मला उशिरा कळली. तुम्ही सरळ तिच्यापासून सुरवात करा.

दुसरं लुईस. त्यात आय वर तिरकी रेघ, बाईट १९५ आणि १७३. १७३ म्हणजे १२५२ मधे सॉफ्ट हायफन, जो ओळ तुटली तरच दिसतो, एरवी अदृश्य. काही ओळींत तो आहे, काहींत नाही, मधेच कोणीतरी वेबवरून किंवा चॅटवरून कॉपी केलं असणार त्यात गळला. मग उरतो फक्त टिल्डवाला कॅपिटल ए आणि पुढे लगेच साधं एस. दुसरा बाईटच नाही तर मशीन काय जोडणार. तिथे हाताने नियम लावला: नावाच्या मधोमध असा एकटा कॅपिटल ए आणि पुढे साधं अक्षर असेल तर तो बहुतेक आय. नावाच्या सुरवातीला असेल तर आल्वारिसची भानगड, १२९ गळलेला. असं प्रत्येक नाव नियमाने बदलल्यावर शेजारच्या रकान्यात "अंदाज" लिहिलं. नंतर वहीशी ताडून बघायची ही सगळी.

तिसरं म्हणजे काही ओळी दोनदा बिघडलेल्या. एकदा चुकीचं वाचून सेव्ह, त्यावर परत तेच. पौंडाच्या आधी एफ सारखी वाकडी खूण दिसली, १२५२ मधे १३१ ला असते ती, की समजायचं दोन थर आहेत. अशांना तोच उपाय दोनदा. मग थांबायचं कुठे? ह्याची सोय यूटीएफ-८ मधेच आहे. नाव पूर्ण सुधारलं आणि तरी परत उपाय लावला तर २२७ बाईट एकटा येतो. यूटीएफ-८ मधे २२७ म्हणजे "तीन बाईटचं अक्षर सुरू", पुढचे दोन १२८ ते १९१ च्या मधले पाहिजेत, आणि इथे पुढे येतो साधा ओ, १११. लगेच एरर. एरर आली म्हणजे आधीच्या पायरीला नाव बरोबर झालेलं होतं. म्हणून एरर दाबणारा पर्याय, "इग्नोर" वगैरे, चुकूनही वापरू नका.

आज अंकल परत येऊन गेले. "आमका पौंड नको, आमचा नाव होया."

१४ जून

पुतणीला सुधारलेली यादी तपासायला पाठवलेली, सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाईल. तिने डबल क्लिक करून एक्सेलमधे उघडली आणि मला फोन, "ताई, परत सगळं तसंच दिसतंय." फाईल नीट होती. एक्सेलला सीएसव्ही कुठल्या तक्त्यातली आहे ते फाईलवरून कळत नाही, ते आपलं १२५२ धरून चालतं. फाईलच्या सुरवातीला बीओएम म्हणून तीन बाईट असतात, २३९, १८७, १९१, ते असले की यूटीएफ-८ समजतं. मी बीओएम घालून परत पाठवली, बरोबर उघडली.

संध्याकाळी तिने दुरुस्त्या करून तीच फाईल पाठवली. पोर्तुगीज नावं शाबूत, आणि माझा मराठी शेऱ्यांचा पूर्ण रकाना प्रश्नचिन्हांनी भरलेला. तिने सेव्ह करताना साधा सीएसव्ही निवडला होता. त्यात एक्सेल १२५२ मधे लिहितं. टिल्ड, सेडिला त्या तक्त्यात आहेत म्हणून वाचले, देवनागरी त्यात नाहीच, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, बाईट ६३. हे प्रश्नचिन्ह खरंखुरं प्रश्नचिन्ह असतं, त्याच्यामागे काही लपलेलं नसतं. कुठलाही तक्ता लावा, ते परत येत नाही. माझ्याकडे सकाळची प्रत होती म्हणून वाचले, तिच्या दुरुस्त्या तेवढ्या ओळीओळीने उतरवून घेतल्या, त्यात रात्रीचं जेवण राहिलं.

मराठी मजकूर जेव्हा नुसता चुकीचा वाचलेला असतो तेव्हा तो वेगळा दिसतो, तुम्ही बघितलाच असेल, ए वर उलटी रेघ आणि मागे चार शिंगांचा गोल किंवा येनची खूण, परत ए, परत गोल, ओळभर तेच. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मधे तीन बाईट घेतं आणि पहिले दोन कायम २२४ आणि १६४ किंवा १६५, म्हणून ती एकच जोडी नाचत असते. तसलं दिसलं तर घाबरू नका, मधेच काही गळलं नसेल तर सगळं परत येतं. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र बॅकअप शोधायला लागा.

आता आमचं ठरलंय, एकमेकींना फक्त एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाईल, पाठवायची.

बीओएमचा एक उलटा त्रास: पायथनने तीच फाईल वाचली तर पहिल्या रकान्याच्या नावाला तो चिकटून आला आणि "नाव" ह्या नावाचा रकानाच सापडेना. डोळ्याला "नाव" च दिसतंय. वाचताना यूटीएफ-८-सिग लिहिलं की जातो.

१८ जून

पाऊस, लाईट नाही. इन्व्हर्टरवर झेरॉक्स मशीन चालत नाही त्यामुळे गिऱ्हाईकंपण नाहीत. संध्याकाळी अर्धा तास लाईट आली तेवढ्यात बॅकअप घेतला.

२४ जून

आज सांजांव, सेंट जॉन म्हणजेच पोर्तुगीज जुवांव ह्या संताचा सण. तिकडे गोव्यात लोक डोक्यावर फुलांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारतायत आणि मी त्याच संताच्या नावाच्या फोटोफाईली यादीला जोडत बसलेय, जुळत नाहीत.

फोटो पुतणीच्या जुन्या मॅकवर होते, प्रत्येक फाईलला नाव दिलेलं. झिप माझ्या विंडोजवर सोडवली तर जुवांव च्या ए पुढे दुहेरी रेघांचा खांब आणि टोपीवाला ए. झिपमधे नावं यूटीएफ-८ मधे आहेत अशी खूण लागलेली नव्हती, म्हणून ती डॉसच्या तक्त्याने वाचली गेली. ते सोडवलं. आता नाव स्क्रीनवर अगदी बरोबर दिसायला लागलं. तरी स्क्रिप्ट म्हणतंय, यादीतला जुवांव आणि फाईलमधला जुवांव वेगळे.

दोन्हीचे नंबर काढले. यादीत टिल्डवाला ए एकच अक्षर आहे, २२७. मॅकच्या फाईलनावात दोन आहेत: साधा ए, ९७, आणि त्याच्या पाठीवर बसणारं सुटं टिल्ड, ७७१. युनिकोडला दोन्ही पद्धती चालतात, दोन्ही एकच मानायच्या असा त्याचा नियम आहे, पण कंप्युटर आपणहून तसं मानत नाही, नंबर वेगळा म्हणजे अक्षर वेगळं. जुन्या मॅकच्या फाईल सिस्टिममधे फाईलची नावं अशी फोडूनच ठेवलेली असायची.

उपाय एका ओळीचा, नॉर्मलाईझ करून सगळं एनएफसी मधे आणायचं, म्हणजे जोडलेलं रूप. यादी, फाईलनावं, शोधायला टाईप केलेलं, सगळीकडे एकच. दुपारपर्यंत फोटो जुळले.

ह्याच्यावरून मराठी शेऱ्यांची आठवण झाली. "दुसऱ्या बायकोपासून", "तिसऱ्या पिढीत" असले शेरे भरपूर, आणि "दुसऱ्या" शोधलं तर निम्मेच मिळायचे. आपल्या त्या वळणदार अर्ध्या र चे दोन प्रकार चालतात, कोणी नुक्तावाल्या ऱ ने टाईप करतं, कोणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडणारं कॅरॅक्टर, ८२०५, घालून. दिसायला एकच. ह्याला एनएफसी चा हात लागत नाही, युनिकोडच्या हिशोबाने ही दोन वेगळीच अक्षरं. तिथे सरळ फाईंड-रिप्लेस करून ऱ वालं रूप ठेवलं.

२८ जून

अंकलच्या नातवंडांना मोबाईलवर नाव शोधता यायला हवं. ती टिल्ड वगैरे टाईप करणार नाहीत, साधा ए मारणार. तेव्हा शोधण्यासाठी प्रत्येक नावाची एक खुणा काढलेली प्रत बनवायची. पद्धत सगळीकडे सापडते तीच: अक्षरं फोडायची, मग "नॉन-स्पेसिंग मार्क" गटातलं सगळं काढून टाकायचं. नावं झकास झाली.

मग गावांचा रकाना बघितला. वेंगुर्ले झालंय "वगरल". कुडाळचं "कडाळ". सावंतवाडीची "सावतवाडी". आणि रेडी गावाची झालीय "रडी". मालवण आणि शिरोडा मात्र धडधाकट, त्यामुळे क्षणभर काही कळेना.

झालं असं की युनिकोडच्या हिशोबाने आपली मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे त्याच नॉन-स्पेसिंग गटात येतात. काना, वेलांट्या, ओकार दुसऱ्या गटात, ते जागा घेतात म्हणून वाचले. नेटवरची ही स्क्रिप्टं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर फक्त रोमन लिपी असते, आणि मराठी मजकुरावर ती डोळे झाकून चालवली तर अर्धी बाराखडी साफ. गट बघायचाच नाही असं केलं, फक्त ७६८ ते ८७९ ह्या नंबरांमधल्या खुणा काढायच्या, रोमनवरच्या सुट्या खुणा तिथे आहेत. देवनागरी २३०४ पासून पुढे, तिला धक्का लागत नाही. रेडी परत रेडी झाली.

छापायच्या यादीला हे काही लावायचं नाही, ही प्रत फक्त शोधण्यापुरती.

३ जुलै

क्रम. आल्वारिस मंडळी यादीच्या पार शेवटी, झेड च्या नंतर. झेड ९०, तिरकी रेघवाला कॅपिटल ए १९३, नंबराने लावलं तर असंच होणार. परवाची खुणा काढलेली प्रत क्रमासाठी वापरली. फार वेळ गेला नाही.

८ जुलै

"नोट्स" फाईल. हिला मी मुद्दाम शेवटी ठेवलेली. उघडली की खुणावाली रोमन अक्षरं ओळीच्या ओळी. ८६०, ८५०, १२५२, मॅकचा रोमन तक्ता, सगळं लावून झालं, एकात एक दोन थर असतील म्हणून तेपण बघितलं. एकही पोर्तुगीज शब्द निघेना.

मग कुठलं अक्षर किती वेळा आलंय ते मोजलं. २०१ नंबर, म्हणजे ई वर तिरकी रेघ, कॅपिटल, तो इतका की दर दोन-तीन अक्षरांमागे एक. पोर्तुगीजमधे कॅपिटल ई तिरकी रेघ वाक्याच्या मधे एवढ्या वेळा येणं शक्यच नाही. त्या २०१ कडे बघत बसले आणि लक्षात आलं की हे मी पूर्वी रोज बघायचे, डीटीपीला लागले तेव्हा, फाँट न टाकलेल्या पीसीवर मराठी फाईल उघडली की. काना! काही जुन्या फाँटांत २०१ च्या जागेवर आपला काना बसवलेला असायचा. फाईल मराठीच आहे.

त्या काळच्या मराठी फाँटात कंप्युटरला मराठी कळायचंच नाही. ज्या जागांवर युरोपची खुणावाली अक्षरं असतात तिथे न, म यांचे तुकडे, काना, वेलांट्या काढून ठेवलेल्या. फाँट असेल तोवर मराठी, फाँट गेला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. हे सगळं माहीत असून मी पोर्तुगीजच्या नादात होते.

कन्व्हर्टरने बरचसं युनिकोडमधे आलं. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार नंतर, दिसतं तशा क्रमाने, आणि कन्व्हर्टर तिथे घोळ घालतो. "सर्व" चं "सवर्", "वर्ष" चं "वषर्" असलं. डोळ्यांनी वाचून काढावं लागलं. आतमधे काकांनी कुठल्या चर्चमधली कुठली वही, कोणाचं लग्न कोणाशी, कोण आफ्रिकेत गेलं ते सगळं लिहिलेलं होतं. अंकलना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, परत एकदा वाच म्हणाले.

१५ जुलै

प्रेसमधून पहिलं प्रूफ आलं, त्याचे साडेतीनशे. मराठी मजकुराला प्रेसवाल्यांनी त्यांचा नेहमीचा जुना फाँट लावला, पूर्ण परिच्छेद सिलेक्ट करून. त्यातली रोमन नावंपण त्यात गेली आणि टिल्डवाल्या ए च्या जागी कुठल्याशा जोडाक्षराचा तुकडा. परवाच्या नोट्स फाईलचंच उलट टोक, जागा त्याच, नुसती बाजू बदललेली. ऑपरेटर म्हणाला, "ताई, खुणा काढून टाका ना, कोण बघतंय." अंकल बघतायत.

आता मी इकडेच युनिकोड फाँटमधे पानं लावून, फाँट एम्बेड करून पीडीएफ देणार. मराठीचा फाँट निवडताना एक करा, त्यात रोमनची खुणावाली अक्षरं आहेत का ते आधी बघा. काहींमधे नसतात, मग तेवढंच एक अक्षर दुसऱ्या फाँटातून उसनं येतं आणि नावात जाड-बारीक दिसतं.

२२ जुलै

पीडीएफच्या प्रुफात एका जुवांव चं टिल्ड ए वर नाही, पुढच्या ओ वर बसलेलं. मला वाटलं सुटं टिल्ड, ७७१, कुठेतरी एनएफसी करायचं राहिलंय आणि फाँटने ते सरकवलं. नंबर बघितले तर ९७ आणि पुढे २४५. म्हणजे कोणीतरी साधा ए आणि टिल्डवाला ओ असंच टाईप केलंय. ही ओळ फ्लॉपीतली, तिथे मूळ बाईट १४८. ८६० मधे १४८ म्हणजे टिल्डवाला ओ च. बिघाड काहीच नाही.

वहीच्या पानाचा फोटो काढून मोठा केला. पाद्रीने शाईने ओढलेलं टिल्ड खरंच ओ वर आहे. जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरात टिल्ड दुसऱ्या स्वरावर घालायची पद्धत होती. काकांनी जसं दिसलं तसं टाईप केलेलं, आणि त्याच यादीत पुढे इनेस चं नाव मात्र नवीन पद्धतीने टोपी घालून, वहीत ते इग्नेझ असं बिनखुणेचं, जुन्या स्पेलिंगने. १९११ ला पोर्तुगालने स्पेलिंग बदललं, त्याच्या आधीची वही आहे ती. काकांनी दोन्ही प्रकार मिसळलेत. आता सगळी यादी एका पद्धतीने करायची की जशी आहे तशी, हे मी ठरवणार नव्हते. अंकलना फोटो दाखवला. "तेनी लिवल्यानी तसाच रवांदे गो."

तेव्हा दोन रकाने केले, एक वहीतलं, एक आजचं. छापायला वहीतलं, शोधायला दोन्ही. "अंदाज" लिहिलेली नावं वहीशी ताडून बघायचं काम चालू आहे, बरीचशी बरोबर निघाली, दोन लुईस मुळात लुईझा होते. बुरशी लागलेल्या फ्लॉपी कोल्हापूरला एक जण साफ करून देतो म्हणतात, त्याला फोन करायचाय. गणपतीच्या पावतीपुस्तकांची कामं पुढच्या आठवड्यापासून सुरू होतील, त्यामुळे पुढची नोंद त्यानंतरच.